सदतिसावा दाणा

माइक पाठीमागे धरून भाषण करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कार्यकर्ते मोठ्या अदबीनं त्यांच्या हातात माइक द्यायचे, ते मान लववून तो घ्यायचे आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून बोलायला लागायचे. माइक कुठेतरी कमरेपाशी असायचा. स्पीकरमधून नुसती शर्टाची खरखर ऐकू यायची आणि साउंडवाला हातवारे करून करून थकायचा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, आवाज मोठा असला की माणूस मागं टेकून बसतो, ऐकू आलं नाही की पुढं सरकतो, आणि पुढं सरकलेला माणूस झोपत नाही.

ते आमचे पर्यवेक्षक होते. अख्खं ऑफिस त्यांना काका म्हणायचं, तेव्हा मीही काकाच म्हणते. आमचं खातं शेतीचं. वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी आमचं ऑफिस होतं. खरीप तोंडावर आला की गावोगाव सभा घ्यायच्या, शेतकऱ्यांना बियाणं, पेरणी, फवारणी समजावून सांगायची, असं आमचं काम. काकांची त्यात सव्वीस वर्षं गेली होती. मी मंगरूळपीरची, नुकती लागलेली, पदवीला चांगले मार्क असलेली आणि चार माणसांसमोर उभी राहिले की बोलायचं विसरणारी.

माझी पहिली सभा मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. मी चाळीस स्लाईड करून नेल्या होत्या. सहाव्या स्लाईडपर्यंत पहिली रांग झोपली. दहाव्या स्लाईडला मी घाबरून, कुठल्याशा पुस्तकात वाचलेला एक विनोद सांगितला. तो सांगून झाल्यावर मंडपात जी शांतता पसरली, तशी मी नंतर फक्त मयतीच्या घरी पाहिली आहे. तेवढ्यात अगदी मागून एक माणूस खदखदून हसला. त्याला पाहून दुसरा हसला, झोपलेले जागे होऊन उगीचच हसले आणि माझी सभा कशीबशी पार पडली. मागून हसलेले ते काका होते.

परतताना मोटारसायकलवर मी म्हटलं, निदान तुम्हाला तरी तो आवडला. त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"भिकार होता बाई," ते म्हणाले. "पन बोलनारा एकटा पडू नाही. थो एकटा पडला का आपन हासाचं."

हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम असा की विनोद स्वतःवर करायचा. लोकांच्या बायकांवर, जातीवर, फाटक्या कपड्यांवर हसवणाऱ्याला ते बोलणारा मानतच नसत. त्याला ते 'चिमटे काढनारा' म्हणत. आणि तिसरा नियम म्हणजे त्यांचा जन्मभराचा मंत्र: हासलं त बसलं. म्हणजे माणूस ज्या गोष्टीवर हसला, ती त्याच्या डोक्यात बसली. ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला ते हा मंत्र द्यायचे. मीही तो डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता.

विनोद गावात नेण्याआधी त्याची परीक्षा व्हायची. ऑफिससमोर चहाचं एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार पत्रे आणि एक बाकडं. त्याचा मालक काही केल्या हसत नसे. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तो हसला नव्हता, हे काका त्याच्या घरी जाऊन पाहून आले होते. काका त्याला नवा विनोद सांगायचे आणि त्याच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहायचे. चहा गाळताना हात थांबला तर विनोद पास. हात चालूच राहिला तर काका चहा संपवून मुकाट्यानं परत यायचे आणि त्या दिवशी त्यांच्याशी कोणी कामाचंही बोलत नसे. माझे दोन विनोद मी त्या परीक्षेला बसवले होते. दुसऱ्याच्या वेळी मालकानं मधेच मला विचारलं, साखर कमी टाकू का.

आता शेळीचं सांगायला हवं. शेळीवाचून काका पूर्ण होत नाहीत.

आमच्या भागात सोयाबीन सगळीकडे. सोयाबीनचं बी मोठं नाजूक. काढणीला पाऊस लागला, पोती आपटली, नीट ठेवली नाहीत, की वरून टपोरं दिसणारं बी आतून मेलेलं असतं. म्हणून पेरणीआधी घरीच उगवण तपासायची असते. काम सोपं आहे. ओल्या पोत्यावर शंभर दाणे मोजून, दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, पोतं गुंडाळून सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं आणि सातव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर पेरा. खूपच कमी निघाले तर ते बी पेरूच नका. एवढंच. ही एवढीशी गोष्ट लोकांनी करावी म्हणून आमच्या खात्यानं किती भिंती रंगवल्या असतील त्याला गणती नाही. लोक त्या भिंतींना टेकून बसायचे.

काकांनी त्यासाठी शेळी काढली. ते सांगायचे ते जमेल तसं लिहिते. त्यांचे हात, डोळे आणि मधली थांबणी मला लिहिता येणार नाहीत.

"माह्या घरची गोठ हाये. मी रिसोडच्या बाजारात शेळी घ्याले गेलो. म्हटलं, दूध किती देते? थो म्हने, दोन लिटर. घरी आनली. बायको भगोनं घेऊन बसली. एक दिवस झाला, दोन झाले, चार झाले, थेंब नाही. पाचव्या दिवशी शेळी घेऊन पुन्हा बाजारात. म्हटलं, काहून गा, तू त दोन लिटर म्हनत होता. त्यानं शेळीकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. म्हने, देते ना भाऊ. पन आमच्या घरी देते."

'शेळीकडे पाह्यलं' म्हणताना काका त्या विक्रेत्याचं तोंड करायचे, आणि मग काही न बोलता शेळीचं तोंड करायचे. शेळी आधी विक्रेत्याकडे पाहायची, मग काकांकडे, आणि मग लाजून खाली. तिथे माणसं अक्षरशः आडवी व्हायची. चहावाल्याचा हातसुद्धा शेळीला थांबला होता. गाळणीतून चहा खाली सांडला होता. हसणं ओसरता ओसरता काका सांगायचे, पोत्यावर जे लिहिलंय ते त्याच्या घरचं, आपल्या घरी उगवतं की नाही ते आपण पाहायचं, ओलं पोतं घ्या, शंभर दाणे मोजा.

त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून हसतील. शिरपूरला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागतं. तिथे काकांची शेळी अशी रंगली की समाजमंदिराच्या ओट्यावर बसलेल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्यांत एक कौसाबाई होत्या. पन्नाशीच्या, तीन एकर जमीन, नवरा मुका नसला तरी मुक्यासारखाच, आणि घरातली पेरणी-काढणी सगळी त्याच ठरवायच्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. काका त्या दिवशी फार खुश होते. परतताना म्हणाले, या गावात एकही बी आता वाया जात नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. वेशीपाशीच कोणीतरी ओरडून सांगितलं, शेळीवाले साहेब आले. काकांची कळी खुलली. माझ्याकडे वळून त्यांनी नुसती भुवई उडवली. म्हणजे पाहा, बसलं की नाही. समाजमंदिरात सरपंच एक फाइल घेऊन उभे होते. फाइलमध्ये अकरा अर्ज होते. प्रत्येक अर्जाला सातबारा, राशन कार्डाची झेरॉक्स आणि फोटो जोडलेला. गावाला शेळ्या हव्या होत्या. मागच्या वर्षी साहेबांनी शेळीची माहिती एवढी मन लावून दिली, त्या अर्थी योजना येत असणारच, असं ग्रामसभेत ठरलं होतं. एका म्हाताऱ्या अर्जदाराचा तर एवढाच आग्रह होता की दोन लिटरवाली असावी आणि ती त्यांच्या घरी देणारी असावी.

मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना विचारलं की शेळीनंतर मी काय सांगितलं होतं. एकानं शेळी पहिल्यापासून सांगायला घेतली. छान सांगितली, थांबे बरोबर, तोंडं बरोबर. 'आमच्या घरी देते' पर्यंत आला आणि थांबला. त्यापुढे काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. बाकीचे त्याच्या शेळीवर पुन्हा हसून घेत होते. मग काकांनी कौसाबाईंना विचारलं, तुमचं सोयाबीन कसं झालं.

कौसाबाईंचं सोयाबीन उगवलंच नव्हतं. घरचंच बी होतं, काढणीला भिजलेलं. पुन्हा पेरावं लागलं, आणि दुसरी पेरणी होईपर्यंत पावसानं पाठ फिरवली. हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. पोत्यावर दाणे मोजून पाहिले नाहीत का, असं काकांनी विचारलं तेव्हा त्यांना खरंच आश्चर्य वाटलं.

"साहेब, हासता हासता पोट दुखलं माहं," त्या म्हणाल्या. "तुमी मंग काय सांगतलं, थे आयकाचंच राह्यलं."

परतताना शिरपूरच्या फाट्यावर काकांनी गाडी थांबवली, स्टँडवर लावली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मला वाटलं, ऊन लागलं. मी पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी ती घेतली आणि न पिता हातातच धरून ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "सत्तावीस वर्सं म्यां शेळ्या चारल्या."

मला त्यांचा राग आला, हे कबूल करते. एका बाईचं बी उगवलं नाही म्हणून इतक्या गुणी माणसानं इतकं मनाला लावून घ्यावं, हे मला नाटकी वाटलं. मी तसं बोललेही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विनोद बंद केले. सभेत माइक तोंडासमोर धरायला लागले. वाचून दाखवायला लागले. माणसं झोपायला लागली. चहावाल्यानं चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी स्वतःहून विचारलं की आज काही नाही का, तर काकांनी मान हलवली. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि त्यांच्या मनात एकच होतं: निदान त्या एका गावानं, निदान त्या एका बाईनं, आपण जायच्या आधी शंभर दाणे मोजायला हवेत. ते कसं करायचं, हे मात्र त्यांना सुचत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या खात्यानं विनोद सक्तीचा केला.

झालं असं की आमचे वरचे साहेब पुण्याला एका हॉटेलात तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले. प्रभावी सादरीकरण असा विषय होता. तिथल्या टाय लावलेल्या माणसानं त्यांना सांगितलं की श्रोत्यांना हसवलं की अर्धी लढाई जिंकली. साहेब तसे चांगले. अभ्यासू, वेळेवर येणारे. पण चांगल्या माणसाला नवी कल्पना मिळाली की तो तिचं परिपत्रक काढतो. आठ दिवसांत आमच्या टेबलावर कागद आला. यापुढे प्रत्येक शेतकरी सभेत किमान दोन विनोद सांगण्यात यावेत, पैकी एक सुरुवातीस व एक समारोपापूर्वी. विनोद आठ दिवस आधी मंजुरीसाठी सादर करावेत. विनोदामुळे कोणाच्याही भावना दुखावल्यास जबाबदारी संबंधित कर्मचाऱ्याची राहील. सभेनंतर विहित नमुन्यात अहवाल द्यावा. नमुन्यात रकाने होते: उपस्थित, हसलेले, न हसलेले, न हसण्याची कारणे.

पुढचे चार महिने आमच्या ऑफिसात जे चाललं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीही विश्वास ठेवला नसता. मोठी मोठी माणसं दुपारी जेवणाचे डबे बाजूला सारून विनोद लिहायची. माझा एक विनोद वरून परत आला. शेरा होता, सदर विनोदात हसण्याचे नेमके ठिकाण नमूद नाही, खुलासा करावा. मी ते ठिकाण अधोरेखित करून पाठवला, मंजूर झाला. एका सहकाऱ्याचा नवरा-बायकोचा विनोद भावना दुखावण्याच्या भीतीनं दुरुस्त होत होत शेवटी त्यात फक्त एक गृहस्थ उरले, आणि ते काही बोलत नव्हते. अहवाल मात्र दर आठवड्याला वेळेत जायचे. न हसलेले: निरंक. न हसण्याची कारणे: निरंक.

काकांनी आपला नमुना भरून पाठवला. त्यात 'प्रस्तावित विनोद' या रकान्यातही त्यांनी निरंक लिहिलं. साहेबांनी बोलावून घेतलं. जिल्हाभर ज्याच्या विनोदाचं नाव, त्यानंच निरंक पाठवावं, हा साहेबांना आपल्या परिपत्रकाचा अपमान वाटला. काका म्हणाले, साहेब, आठवत नाही आता. साहेबांनी ठरवलं की स्वतः जाऊन आदर्श सभा घ्यायची आणि सगळ्यांना दाखवून द्यायचं. गाव काकांनी सुचवलं, ते शेळ्यांच्या अर्जांचं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सभा पुढच्या मे महिन्यात, दुपारी होती. पडद्यावर नीट दिसावं म्हणून समाजमंदिराच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या होत्या. आत अंधार, उकाडा आणि दीडशे माणसं. ऑफिसचा लॅपटॉप बॅटरी मेल्यामुळे वायरवरच चालायचा. साहेबांनी तिसऱ्या स्लाईडला मंजूर विनोद सुरू केला. एक इंग्रज, एक जपानी आणि एक भारतीय विमानातून चालले होते. इंग्रजाचं झालं, त्याचं चित्र आलं. जपान्याचं झालं, त्याचं चित्र आलं. तेव्हा भारतीय म्हणाला, असं साहेब म्हणाले, त्यांनी बटन दाबलं आणि लाईट गेली.

दीडशे माणसं अंधारात थांबली. साहेबही थांबले. शेवटी एक म्हातारा अदबीनं म्हणाला की साहेब, मग आपला माणूस काय बोलला. साहेब म्हणाले, ते स्लाईडवर होतं. विनोदाचा शेवट त्यांना पाठ नव्हता, आणि हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की मला त्यांची दया आली. कोणी हसलं नाही. गावाला तो विनोद आहे हे कळलेलंच नव्हतं. त्यांना भारतीयाची काळजी लागून राहिली होती.

काका उठले. एकेक सतरंजी ओढून काढली. उजेड आला. मग त्यांनी बाहेर जाऊन रांजणातलं पाणी एका पोत्यावर ओतलं, ते पोतं आणून साहेबांच्या पुढ्यात अंथरलं आणि कौसाबाईंच्या घरून आणलेलं सोयाबीन शेजारी ठेवलं. लाईट येईस्तोवर साहेब तुम्हाला उगवण तपासून दाखवतील, असं त्यांनी जाहीर केलं. साहेबांना नाही म्हणायला जागा नव्हती. त्यांनी पँट वर ओढली, मांडी घातली आणि दाणे मोजायला लागले.

सदतिसाव्या दाण्याला साहेबांचा फोन वाजला. साहेबांच्याही वर साहेब असतात. त्यांनी सदतिसावा दाणा बोटात तसाच धरला, दुसरा हात कानाला लावला आणि बसल्या बसल्या ताठ झाले. हो सर, फील्डवरच आहे सर, हो सर. फोन खिशात गेला. साहेब पोत्याकडे पाहत राहिले. मोजणी विसरले होते. त्यांनी दाणे पुसून काढले आणि एकपासून सुरू केलं. आता लोक पुढे सरकले. मागचे उभे राहिले. तीस झाले, पस्तीस झाले. साहेब छत्तीसवर आले आणि त्यांचं लक्ष आपोआप खिशाकडे गेलं. फोन वाजला नाही. पण नजर वर येईपर्यंत मोजणी पुन्हा गेली होती.

मग जे हसणं फुटलं, ते मी शेळीलाही ऐकलं नव्हतं. आणि गंमत अशी की साहेबही हसले. त्यांच्या तोंडावर तो परिपत्रकाच्या आधीचा माणूस दिसला. काका हसले नाहीत. ते खाली बसले आणि मोठ्यानं 'एक' म्हणाले. मग दीडशे माणसांनी मिळून शंभरपर्यंत मोजलं. सदतीसला सगळ्यांनी श्वास धरला. कौसाबाई तर पोत्याशेजारीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी साहेबांच्या ओळीतून दोन दाणे उचलून बाजूला टाकले.

"हे फुटके हायेत साहेब," त्या म्हणाल्या. "हे कुठून उगोतीन?"

शंभर झाले तेव्हा टाळ्या पडल्या. काका माइकशिवाय, हात पाठीमागे बांधून उभे होते. पोतं गुंडाळून त्यांनी कौसाबाईंच्या हवाली केलं.

ऑफिसला परतेपर्यंत साहेबांच्या आत पुन्हा परिपत्रक जागं झालं. कोणीतरी जीपमध्येच त्यांना सुचवलं असणार की गाव तुमच्यावर हसलं. तिसऱ्या दिवशी काकांना कारणे दाखवा नोटीस मिळाली: मंजुरी न घेता विनोद सादर केल्याबद्दल. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते, कागद अडकले असते. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, माफी मागून मोकळे व्हा. काकांनी खुलासा लिहिला, तो मीच टाइप केला: सदर सभेत मी एकही विनोद सांगितलेला नाही. साहेबांनी दाणे मोजले. हसण्याबाबतचा खुलासा हसणाऱ्यांकडून मागवण्यात यावा. दीडशे माणसांकडून खुलासा मागवायचा तर दीडशे नोटिसा काढाव्या लागल्या असत्या, म्हणून की काय, ते प्रकरण तिथेच थांबलं. विनोदाचं परिपत्रकही पुढे कधी मेलं ते कळलं नाही.

निरोप समारंभाला साहेबच अध्यक्ष होते. शाल, नारळ झाला. काकांच्या मनाचा मोठेपणा वगैरे सांगताना साहेबांनी मधेच तो विमानाचा विनोद पुन्हा काढला. या वेळी शेवट पाठ करून आले होते. भारतीय काय म्हणाला ते शेवटी कळलं. लिहिण्यासारखं नव्हतं. हॉलमध्ये माझ्या पहिल्या सभेसारखी शांतता पसरली. तेवढ्यात एक माणूस खदखदून हसला. शाल खांद्यावरून घसरेपर्यंत हसला. मग आम्ही सगळेच हसलो. माझे डोळे भरून आले होते, तेही त्यात खपून गेलं.

काका आता मुलाकडे अकोल्याला असतात. तीन वर्षांनी ते गाव माझ्याकडे आलं. मे महिन्यात एकटीच गेले. कौसाबाईंच्या ओसरीत त्यांची नवी सून ओल्या पोत्यावर दाणे मांडत होती. मी उभी राहून पाहत होते. पस्तीस, छत्तीस, सदतीस. सून थांबली. तिनं दाणा बोटात धरला, दुसरा हात कानाला लावला, पाठ ताठ केली.

"हो सर," ती म्हणाली. "फील्डवरच आहे सर."

मग तिनं सगळे दाणे पुसून काढले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी विचारलं, हे कशासाठी. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही सरकारी नोकरीत आहे आणि हिला एवढंही माहीत नाही. म्हणाली, सदतीसले थांबाच लागते, आमच्या गावात सारेच थांबतात. कौसाबाई आतून हात पुसत आल्या. त्यांनी सांगितलं की पहिल्या खेपेला घाईत फुटके दाणे राहून जातात, दुसऱ्या खेपेला बरोबर दिसतात. ते खरं आहे. नंतर मी चार घरं फिरले. चारही घरांत सदतीसला फोन आला.

वेशीबाहेर येऊन मी काकांना फोन लावला. हसत हसतच सगळं सांगितलं. सून, तिचा ताठ कणा, हो सर, पुसून काढलेले दाणे. मला मध्येच बोलता येईना इतकं हसू येत होतं. मी थांबले तेव्हा काकांनी विचारलं, किती उगवले.

"काका, आत्ताच त ठेवले त्यायनं," मी म्हटलं.

"मंग आताच कायले हासून राह्यली?" ते म्हणाले. "सात दिसानं हास."